बादलीत आला

३ फेब्रुवारी

ताई,

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. माझ्या डाव्या कानानं पंधरा वर्षं ठोसे खाल्लेत आणि आता उजवाही त्याच्या वाटेनं निघालाय. फोनवर तुझं निम्मं बोलणं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरतो. मग तुझी भावजय म्हणते, त्या असं बोलल्याच नव्हत्या. त्यापेक्षा पत्र बरं. कागदाशी भांडताना कागद मध्ये बोलत नाही.

काम आहे म्हणून लिहितोय, हे तू ओळखलं असशीलच. माझ्या जिममध्ये एक पोरगा आहे, पोरगा म्हणजे चांगला चोवीस वर्षांचा घोडा. दिवसा छापखान्यात कागदाची बंडलं उचलतो. आम्ही त्याला खिळा म्हणतो, कारण रिंगमध्ये एकदा उभा राहिला की ठोकल्यासारखा उभा राहतो. मारा, झोडा, जागचा हलत नाही. इतक्या वर्षांत असा एकच हाताला लागला. एप्रिलमध्ये मोठी लढत आहे. ती जिंकला तर त्याचं सोनं होईल, आणि माझ्या गळक्या पत्र्याच्या जिमचंही.

लढतीआधी रक्ताचा रिपोर्ट लागतो, एचआयव्हीचासुद्धा. आमची सगळी पोरं कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातात. रिपोर्ट थेट माझ्या हातात येतात. तिथला कंपाउंडर जरा तोंडाळ आहे, नाव आणि रोग दोन्ही दारातून ओरडतो, पण माणूस वाईट नाही. सगळे गेले. खिळा गेला नाही. म्हणतो, "वस्ताद, मी दुसरीकडून करून आणतो." मी विचारलं, का रे? तर मान खाली घालून हातांच्या पट्ट्या सोडायला लागला. दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. शेवटी तुझ्या गावचा, तू काम करतेस त्या तपासणी केंद्राचा पत्ता त्याच्या हातावर टेकवला.

कर नाही त्याला डर कशाला, सांग मला.

आणि हो, आमच्या कोपऱ्यातली बादली अजून तीच आहे, लाल, कडेला चेपलेली, जिला तू नाक मुरडलं होतंस. राउंड संपला की त्याच बादलीत स्पंज बुडवायचा आणि पुढ्यातल्या तोंडावर पिळायचा, तोंड कुणाचंही असो. नवीन पोरं महिनोन्‌महिने नळावर तोंड धुतात. ज्या दिवशी मी तो स्पंज त्यांच्या डोक्यावर पिळतो त्या दिवशी सगळे ओरडतात, "बादलीत आला!" मग तो आमचा. खिळ्याच्या वेळी तर पत्रे हलले होते.

तुझा धाकटा


११ फेब्रुवारी

बाळा,

डर केल्याची नसते रे, लोकांची असते. तुझ्या त्या तोंडाळ कंपाउंडरची असते.

तो मुलगा दुसरीकडे जातो म्हणाला, याचा अर्थ एवढाच की तो दुसरीकडे जातोय. त्यातून दुसरं काही काढू नकोस. आमच्याकडे रोज माणसं येतात, त्यांतल्या बहुतेकांना काही नसतं. तरी दार लोटेपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. माझी खोली तू पाहिली नाहीस. दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक दार. त्या दाराला मी स्वतः तेल घालते, नीट लागावं म्हणून. बाहेर आम्ही नंबरानं हाक मारतो. आत जे बोललं जातं ते आतच राहतं.

तेव्हा आधीच सांगून ठेवते. तुझा पोरगा इथं आला, तरी मी तुला आला म्हणून सांगणार नाही. नाही आला तरी सांगणार नाही. मला विचारू नकोस, आपलं नातं मध्ये आणू नकोस.

आणि ती बादली फेकून दे. स्पंजाच्या पाण्यानं किंवा घामानं एचआयव्ही होत नाही, पण तुमच्या खेळात रक्त निघतं आणि रक्तातून दहा गोष्टी जातात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, स्पंज वेगळा, आणि जखम पुसताना तुझ्या हातात रबरी मोजे. प्रत्येकाचा म्हणजे प्रत्येकाचा.

तुझी ताई


२ मार्च

ताई,

तुझं ऐकलं. बघ, तुझा भाऊ तू समजतेस तेवढा दगड नाही.

खिळा दोन दिवस गायब होता. परत आला आणि रिंगच्या दोरीला टेकून म्हणाला, "वस्ताद, एप्रिलची लढत मी खेळणार नाही." मी शिव्या घातल्या, आईबाप काढले, हातातलं घड्याळ भिंतीवर आपटलं. ठोकल्यासारखा उभा. कारण सांगेना. म्हणे, "सराव करतो, पण लढत नको."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी काही बोललो नाही. कुणालाच बोललो नाही, तुझ्या भावजयीलासुद्धा नाही. मूग गिळून बसलो. पण सावध राहायला हवं ना? जानेवारीत सराव करताना खिळा आणि रेडा यांची डोकी एकमेकांवर आपटली होती. रेडा म्हणजे आमचा जाडा, गॅरेजमध्ये टायर बदलतो. दोघांच्याही भुवया फुटल्या होत्या, दोघांचं रक्त माझ्या शर्टावर होतं. ते आठवलं.

म्हणून एक निळी बादली आणली, नवा स्पंज, नवा टॉवेल, खिळ्यासाठी. दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. तोंडातून शब्द काढला नाही. खिळ्यानं बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप तिच्यात तोंड धुतलं. काम झालं, बोभाटा नाही. शाबासकी दे.

तुझा धाकटा


९ मार्च

शाबासकी? समोर असतास तर कान धरला असता, तो डावा, ऐकू न येणारा.

मी लिहिलं होतं प्रत्येकाचा वेगळा. तू एकाचाच वेगळा केलास. अरे, तुझा कंपाउंडर तोंडानं ओरडतो, तू बादलीनं ओरडलास. तुझ्या जिममध्ये बादली म्हणजे काय, हे तूच मला लिहिलंस ना? ज्याला सगळ्यांसमोर बादलीत घेतलंस त्याला सगळ्यांसमोर बाहेर काढलंस. बाकीच्या पोरांना डोळे नाहीत का?

तुला काय ठाऊक आहे? काहीच नाही. एक माणूस लढत नको म्हणाला. त्याला शंभर कारणं असतील. आई आजारी असेल, नोकरी जात असेल, घाबरला असेल. घाबरायला बंदी आहे का तुमच्यात?

हे पत्र मिळताच बाजारात जा आणि डझनभर बादल्या आण. सगळ्या एकाच रंगाच्या. आजच.

ताई


१४ मार्च

ताई,

उशीर झाला. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच रेड्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "वस्ताद, निळी बादली कशाला?" मी म्हणालो, काही नाही, लाल गळतेय. त्यानं लाल बादली डोक्याच्या वर उचलून धरली. थेंब गळेना.

त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. त्यानं माझी कॉलर धरली. माझी, ज्यानं त्याला पंधराव्या वर्षापासून जेवू घातलं त्या माणसाची. आणि मी सोडवून घेतली नाही. "माझ्या भुवईत त्याचं रक्त गेलंय," म्हणाला. "माझ्या पोराचं काय?" सगळ्यांना आपापल्या जखमा आठवायला लागल्या. एकानं खिळ्याच्या पायाजवळ वजनाची प्लेट आपटली, बोटभर अंतरानं वाचला. खिळा म्हणाला, "मी कुणाला काही सांगणार नाही. माझं रक्त आहे." एवढंच बोलला. हातांना पट्ट्या बांधत बसून राहिला.

भडका उडणार होता, म्हणून मी बोलून गेलो. माझी बहीण त्या केंद्रात आहे, म्हणालो, तिला विचारतो, तिचं पत्र येईपर्यंत कुणी हात उचलायचा नाही. त्यांनी कबूल केलंय. आता सगळे तुझ्या पत्राची वाट बघतायत.

तू लांब बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. मला रिपोर्ट नको, कागद नको. नसेल तर फक्त "नाही" एवढं लिही. असेल तर काहीच लिहू नकोस, मी समजेन आणि त्याला गुपचूप गावाबाहेर काढेन. मी पाया पडतो.

धाकटा


१८ मार्च

बाळा,

तुझं पत्र वाचून मी केंद्राच्या संडासात जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुढचा नंबर बोलावला.

मी "नाही" लिहिणार नाही, "हो"ही लिहिणार नाही. तो इथं आला होता का, तेही लिहिणार नाही. का, ते ऐक. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मी नवीन होते तेव्हा माझ्याबरोबर एक बाई काम करायची, लोण्यासारखी मऊ. एक सासू आली, रडत रडत. थोरल्या सुनेला काही आहे का, एवढंच सांगा म्हणाली. आमची बाई विरघळली. म्हणाली, "जा आजी, काळजी करू नका, तिला काही नाही." चांगलीच बातमी होती ना? कुणाचं काय बिघडणार होतं? चार दिवसांनी तीच सासू आली आणि धाकट्या सुनेबद्दल विचारलं. आता आमची बाई शहाणी झाली होती. म्हणाली, "आम्हाला सांगता येत नाही." सासू हसली. तिला उत्तर मिळालं होतं. त्या रात्री त्यांनी धाकटीला जिन्यावरून ढकललं, आणि ती उठून बसली म्हणून परत वर नेऊन पुन्हा ढकललं. मी तिला ओळखायला गेले होते. ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तिला काय होतं, काय नव्हतं, ते मी तुलाही सांगणार नाही. ती मेली तरी सांगणार नाही.

आज तुला "नाही" लिहिलं, तर उद्या दुसऱ्या कुणाबद्दल मी गप्प बसले की माझं गप्प बसणं म्हणजे "हो" होईल. म्हणून मी सगळ्यांबद्दलच गप्प बसते. हे दार सगळ्यांसाठी लागतं, नाहीतर कुणासाठीच लागत नाही.

पोरांना हे वाचून दाखव. ज्याला स्वतःच्या रक्ताची भीती वाटते त्यानं स्वतःचं रक्त तपासावं. रेड्याला सांग, बायकोला घेऊन ये, मी स्वतः दार लावेन. दुसऱ्याच्या रक्तात त्याचं उत्तर नाही.

आणि खिळ्याला आजच्या आज तिथून हलव. काहीही कारण सांग. हलव.

ताई


२६ मार्च

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. लिहायला दोन दिवस लागले. उजवा बांधलाय.

तुझं पत्र पोस्टमननं जिममध्येच आणून दिलं. मला आधी एकट्यानं वाचायचं होतं. रेड्यानं हिसकावलं आणि मोठ्यानं वाचायला लागला. सासूपर्यंत पोचला, पुढं वाचलं नाही. पान उलटलं, खालवर पाहिलं. म्हणाला, "नाही असं कुठं लिहिलेलं नाही." मग म्हणाला, "म्हणजे आहे."

कुणीतरी दाराला कडी घातली. ताई, त्यांची तयारी होती. खिशातून प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या आणि हातांवर चढवल्या, मनगटावर पट्ट्या गुंडाळल्या. दोघांनी भांडी घासायचे रबरी मोजे आणले होते. मी शिकवलेली पोरं. हातानं मारायला शिकवली होती, आणि त्याला हात लावायची भीती म्हणून काठ्या घेऊन आली. एकाच्या हातात डंबेलचा दांडा होता, एकाच्या हातात झाडूचा. रेडा ओरडत होता, "लांबून मारा, रक्त उडेल!"

खिळ्यानं गार्ड वर घेतला. मीच शिकवलेला, कोपरं आत, हनुवटी खाली, वार हातावर घ्यायचा. ठोसा हातावर घेता येतो, दांडा घेता येत नाही. डाव्या हाताचं हाड मोडलं ते मला या कानांनी ऐकू आलं. तरी हात खाली आणला नाही. पुन्हा त्याच हातावर मारलं. मग डोक्यावर. मग खाली पडल्यावर पाठीत, बरगड्यांवर. साप साप म्हणून भुई धोपटतात तसे धोपटत होते, आणि मारताना त्यांच्यातला एक रडत होता, ताई, रडत रडत मारत होता.

मी मध्ये घुसलो. रेड्याच्या जबड्यावर असा ठोसा मारला की त्याचा जबडा जागचा हलला आणि माझी मूठ त्याच्या दातांवर फाटली. दोन बोटं मोडली. दांड्याचा एक वार माझ्या खांद्यावर बसला. मी बाकीच्यांना रिंगच्या खांबावर आपटलं, मला आठवतही नाही कुणाकुणाला. मग सगळे पळाले. खिळा फरशीवर होता. लाल बादली उलटी पडली होती आणि पाणी लाल होऊन त्याच्याभोवती पसरलं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि फाटलेल्या मुठीनं डोक्यावरची जखम दाबून धरली. त्याचं रक्त, माझं रक्त, काही वेगळं करता येत नव्हतं. टॅक्सीवाल्यानं आम्हाला पाहून काच वर केली. दुसरा थांबला.

तो बेशुद्ध आहे. हात सात ठिकाणी मोडलाय.

एक शब्द, ताई. दोन अक्षरं. तू तुझं दार नीट लावलंस, आणि त्याच दारात त्याचा हात चिरडला.

आणि त्याच रात्री तुझ्या भावजयीनं फोन केला तेव्हा तू तिला काय सांगितलंस? दुसऱ्याचं रक्त जखमेत गेलंय तर आत्ताच्या आत्ता जा, तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात, महिनाभर घ्याव्या लागतात. मग ते काय होतं? म्हणजे त्याला आहेच ना! मला वाचवायला तुझं तोंड उघडलं, त्याला वाचवायला उघडलं नाही. वा गं ताई.


३१ मार्च

बाळा,

पुन्हा मनानं भरलंस.

ते रक्त खिळ्याचं आहे म्हणून गोळ्या घे म्हणाले नाही. कुणाचंही असतं तरी तेच म्हणाले असते. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं असतं, माझं असतं, तरी हेच. उघड्या जखमेत दुसऱ्याचं रक्त गेलं की वाट बघायची नाही, एवढाच नियम आहे. त्यात खिळ्याबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. मी तुला सांगितलं होतं, गाडीच्या दारात सापडली. गाडी नव्हती. एक नवरा आला होता, बायकोचा रिपोर्ट मागायला. त्यानं माझा हात माझ्याच खोलीच्या चौकटीवर धरला आणि विचारलं, सांगतेस का? दार आपटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा आपटलं. एकेका प्रश्नाला एकेक बोट. तिसऱ्या वेळी शेजारच्या खोलीतले लोक धावले. मी बोलले नाही. मला त्याचा अभिमानबिमान वाटला नाही, नुसतं दुखलं. पण त्याची बायको जिवंत आहे आणि मला रस्त्यात दिसते, तेव्हा ती ओळख दाखवत नाही आणि मीही दाखवत नाही.

पण तेव्हा माझा हात होता. या वेळी दुसऱ्याचा होता. मी बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. रोज जिना चढताना वाटतं, लिहायला हवं होतं, काहीही लिहायला हवं होतं. खोटंसुद्धा. मग खोलीत जाते, कुणीतरी समोर बसतं, दाराकडे बघतं, मी उठून दार लावते आणि त्याचा जीव खाली पडतो. तेव्हा वाटतं, नाही. मग संध्याकाळी परत जिना.

तुला शिव्या द्यायच्या असतील तर दे. गोळ्या चुकवू नकोस. मळमळेल, चक्कर येईल, तरी चुकवू नकोस.

तो शुद्धीवर आला की कळव. तेवढं तरी विचारू शकते ना?

ताई


३ मे

ताई,

शुद्धीवर आलाय. पहिल्यांदा डोळे उघडले आणि माझ्या मुठीवरची पट्टी बघून म्हणाला, "कुणाला मारलंत?" डावा हात मात्र गेल्यात जमा. डॉक्टर म्हणतात, बंडलं उचलणंसुद्धा कठीण, बॉक्सिंग विसरा.

आता माझं ऐक. मारहाणीच्या दुसऱ्या दिवशी, गोळ्या कुठून मिळतात म्हणून विचारायला मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो होतो. बाकावर वीस माणसं. कंपाउंडर दारात आला आणि ओरडला, "एचआयव्हीच्या गोळ्या कुणाला हव्यात? वस्ताद तुम्हाला? या या!" या फुटक्या कानांना लख्ख ऐकू आलं. बाकावरची बाई उठून उभी राहिली. मी तिच्या मुलाला सायकल शिकवली होती.

आठवडाभरात जिम रिकामी. शटरवर कुणीतरी डांबरानं काय लिहिलं ते तुला लिहीत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दगड आला, तुझ्या भावजयीच्या खांद्याला लागला. मी दार उघडून रस्त्यावर गेलो, हातात तवा होता, मारायला कुणी सापडेना. सगळे सभ्यपणे आपापल्या गॅलरीत उभे. मी आयुष्यभर ठोसे खाल्ले, पण समोरचा दिसायचा तरी.

मी गळून रस्त्यातच बसलो. आणि तिथं बसल्यावर मला खिळ्याचं "दुसरीकडून करून आणतो" कळलं. दार लावून घ्यायला आत काही लपवलेलं असावंच लागतं असं नाही गं. मी तर काहीच लपवत नव्हतो.

गोळ्या संपल्यावर परत तपासायचं होतं. मी गाडी धरली आणि तुझ्या गावी आलो. तुला कळवलं नाही. नंबर मिळाला सतरा. तू दारात आलीस, "सतरा" म्हणालीस आणि माझ्याकडे पाहिलंस. मी उठलो. ताई, मला शेंबूड पुसणारी तू, मला म्हणालीस, "बसा. तुम्हाला पलीकडच्या खोलीतल्या ताई बोलावतील." बसा! तुम्हाला! बाकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून आत गेलीस. मला आधी असा राग आला की दार लाथेनं फोडावंसं वाटलं. मग पलीकडच्या बाईनं मला आत घेतलं आणि दार लावलं. काहीच आवाज झाला नाही. तेल चांगलं घातलेलं आहे.

माझे खांदे खाली आले. महिनाभर कानांपाशी चढून बसले होते, ते मला तेव्हा कळलं.

काय निघालं ते तुला लिहीत नाही. भावजयीला सांगितलंय.

धाकटा


१० मे

बाळा,

गावात येऊन बहिणीकडे न जेवता गेलास, याचा मला भयंकर राग आला आहे, असं लिहिणार होते. पण तू आला होतास हे मला कुठं ठाऊक? मंगळवारी बरीच माणसं आली. सतरा नंबर कोण होतं, काही आठवत नाही.

एक मात्र झालं. त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. बाहेरच्यांना वाटलं असेल, आत कुणीतरी आहे.

भावजयीच्या खांद्याला शेक द्यायला सांग. आणि शटर रंगव. हवा तो रंग दे, पण रंगव.

ताई


२० जून

ताई,

शटर रंगवलं. हिरवं. उरलेल्या रंगात बादल्या रंगवल्या, बारा. एकसारख्या. तू तेव्हाच म्हणाली होतीस, पण शहाणपण आम्हाला नेहमी मार खाऊनच येतं. वापरायला सध्या तीनच पोरं आहेत, नवीन, लांबच्या वस्तीतली. बादल्या जास्त आणि पोरं कमी, असं आमचं चाललंय.

परवा रेडा आला. ज्या दाराला त्यांनी कडी घातली होती त्याच दारात येऊन उभा राहिला. मी हातातला स्पंज खाली ठेवला आणि मूठ आवळली, जुनी खोड. पण त्याचा जबडा तारेनं बांधलेला होता, बोलता येत नव्हतं. पोलिसांनी सोडलंय, केस चालू आहे. बायको बाळंत झाली, मुलगी. त्यानं बाहेरच्या धुळीनं भरलेल्या फळ्यावर बोटानं लिहिलं, "दार लागतं ती जागा कुठं आहे?" लिहिलं आणि लगेच तळहातानं पुसून टाकलं. इकडंतिकडं बघत होता, कुणी वाचलं का म्हणून.

मला हसायला यायला हवं होतं. तीन महिने मी याच क्षणाची वाट बघत होतो, की रेडा माझ्यासमोर असा उभा राहील आणि मी त्याला काय काय ऐकवेन. खिळ्याचा हात डोळ्यांसमोर होता. मला त्याचा उरलेला जबडा मोडायचा होता, खरं सांगतो. मी तुझा पत्ता दिला. "बायकोलाही ने," म्हणालो. तो येईल तेव्हा त्यालाही "बसा" म्हण. आला की नाही, मला कळवू नकोस.

खिळा काल आला. डावा हात गळ्यात अडकवलेला, वजन निम्मं. रिंगच्या पायरीवर बसला, नव्या पोरांचा सराव बघत. त्यांच्या चुका तोंडानं सांगायला लागला आणि माझ्यापेक्षा बऱ्या सांगत होता. छापखान्यानं काढून टाकलंय. म्हणालो, इथंच ये, पोरं शिकव, एक हात पुरे आहे. उठून नळाकडे तोंड धुवायला निघाला, नवीन पोरं जातात तसा. मला ते बघवेना. मी एक हिरवी बादली उचलली, स्पंज बुडवला आणि त्याच्या डोक्यावर पिळला. ओरडायला कोणी नव्हतं. नव्या पोरांना काय माहीत? मीच ओरडलो, "बादलीत आला!" एकटाच. घसा फुटला.

मग तो रडला. त्या सगळ्यात रडला नव्हता. मीही रडलो, आमचं असंच असतं, एक तर मारायचं नाहीतर रडायचं.

पोरं गेल्यावर त्यानं स्वतः उठून दार लावलं. परत येऊन शेजारी बसला आणि मला सांगितलं. लढत का नको म्हणाला ते, आणि तुझ्या गावाहून काय घेऊन आला होता ते. मी विचारलं नव्हतं. माझ्या उजव्या कानाजवळ तोंड आणून, हळू आवाजात, सगळं.

सगळं ऐकू आलं, ताई. यावेळी मनानं काही भरावं लागलं नाही.

तू विचारणार नाहीस, मला ठाऊक आहे. विचारलंस तरी मी सांगणार नाही.

तुझा धाकटा